दिल्ली, आग्रा, भरतपूर, रणथंबोर, जयपूर: स्वतः प्लॅन करायचं तर आधी जंगल पकडा, मग शहरं

उत्तर भारताची ट्रिप ग्रुप टूरशिवाय, आपली गाडी आपला वेळ अशी करायची ठरली की घरोघरी सुरुवात एकच होते, दिल्लीचं विमान बुक. मग ताजमहाल, मग जयपूर, मग हॉटेलं, आणि सगळं झाल्यावर कुणीतरी म्हणतं अरे पोरांना वाघ दाखवूया की, रणथंबोर वाटेतच आहे. आणि इथेच सगळं अडतं. ताजमहालाचं तिकीट आदल्या रात्री काढलं तरी मिळतं, हॉटेल एक नाही तर दुसरं मिळतं, पण जंगलात रोज किती गाड्या सोडायच्या ते वनखात्याने ठरवून दिलेलं असतं आणि सुट्टीच्या दिवसांतली सीटं काही महिने आधीच संपतात. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, प्लॅन उलट्या बाजूने करा. आधी सफारीच्या तारखा हातात घ्या, त्याच्या अलीकडे पलीकडे शहरं बसवा, विमान आणि रेल्वे त्यानंतर.

सफारीचं बुकिंग राजस्थान सरकारच्या अधिकृत साईटवरून करायचं. गुगलवर शोधलं की त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या खासगी साईटी आधी येतात, त्या एजंटांच्या असतात, तिकिटावर आपलं कमिशन लावून विकतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी साईटचा पत्ता सरकारी आहे का ते नीट बघा. रणथंबोरला दोन प्रकारच्या गाड्या असतात, सहा सीटची जिप्सी आणि वीस सीटचा कँटर. कँटर स्वस्त पडतो पण आवाज जास्त, वीस माणसं म्हणजे कुणी ना कुणी बोलत असतं, आणि अरुंद वाटांवर जिप्सी जास्त आत जाते. तुम्ही बरोब्बर सहा जण असाल तर अख्खी जिप्सी तुमचीच होते, हे फार सोयीचं, आणि माझ्या मते या ट्रिपसाठी सहा जणांचा ग्रुप सगळ्यात बेस्ट कारण इनोव्हातही तेवढेच नीट बसतात. बुकिंग करताना प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर टाकावा लागतो, जे ओळखपत्र टाकलंय तेच ओरिजिनल सोबत ठेवायचं. नंतर काकांच्या ऐवजी मामा येणार असं चालत नाही, म्हणून कोण कोण येणार ते पक्कं झाल्यावरच पैसे भरा.

किती सफारी घ्यायच्या? एक घेतली तर ती निव्वळ नशिबावर सोडल्यासारखी आहे. दोन ही कमीत कमी, तीन असतील तर उत्तम, आणि त्या एकाच झोनमध्ये न घेता वेगवेगळ्या झोनमध्ये घ्या. रणथंबोरमध्ये एक ते दहा असे झोन आहेत. एक ते पाच हा जुना गाभा, तीनमध्ये पदम तलाव, राजबाग वगैरे तलाव, पाण्यातल्या मगरी, काठावरची सांबरं, पडके महाल असं ते प्रसिद्ध दृश्य. सहा ते दहा बाहेरच्या बाजूला. लोक तीन-चार नंबरच्या मागे वेडे होतात पण वाघ झोन बघून फिरत नाही, सहा नंबरलाही मस्त साइटिंग होतात. तेव्हा हवा तो झोन नाही मिळाला म्हणून ट्रिप रद्द करू नका. आणि हे पण लक्षात ठेवा, १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यात एक ते पाच झोन बंद असतात.

कधी जायचं

आपल्याकडे सुट्ट्या म्हणजे दिवाळी, नाताळ आणि मे महिना, आणि गंमत बघा, तिन्ही वेळा उत्तरेत काही ना काही अडचण असते. दिवाळीच्या आसपास दिल्लीची हवा सगळ्यात वाईट, दमा असलेलं कुणी सोबत असेल तर मी तरी दिल्ली टाळेन, थेट जयपूरला उतरेन. नाताळ ते जानेवारीचा मध्य म्हणजे धुकं. हे धुकं म्हणजे आपल्या लोणावळ्याचं छान छान धुकं नाही, सकाळी दहा-अकरापर्यंत समोरचा ट्रक दिसत नाही, गाड्या तासन् तास लेट, विमानं रद्द. याच दिवसांत सगळे पहाटे उठून सूर्योदयाचा ताजमहाल बघायला जातात आणि पांढऱ्या धुक्यात पांढरा संगमरवर, काहीही दिसत नाही. जानेवारीत जाणार असाल तर ताज सरळ दुपारी ठेवा, आणि सकाळी लवकर हायवेवर निघायचंच नाही असं ड्रायव्हरला सांगून टाका.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. पण जंगलासाठी एप्रिल ते जून हाच काळ भारी, पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावर येतंच, झाडोरा वाळलेला असतो म्हणून लांबवरचं दिसतं. मग उन्हाळ्यात जायचं तर शहरं निम्मी करा. सकाळी सफारी, दुपारभर हॉटेलात झोप, संध्याकाळी सफारी, आणि ताज फक्त सूर्योदयाला. लाल किल्ला, कुतुबमिनार, फतेहपूर सिक्री सगळं भर उन्हात दगडावरून चालत बघायचं हा आई-बाबांवर अन्याय आहे.

सगळ्यात छान काळ विचाराल तर फेब्रुवारी. धुकं सरलेलं, थंडी सोसण्यासारखी, भरतपूरचे पाहुणे पक्षी अजून गेलेले नसतात, रणथंबोर उघडं. दहावी-बारावीचं कुणी घरात नसेल तर पोरांची आठवडाभर शाळा बुडवा आणि फेब्रुवारीतच जा. मार्चमध्ये जाणार असाल तर होळी कधी आहे ते बघा, मथुरा-वृंदावनचा सगळा भाग, म्हणजे व्रज, होळीच्या आधी आठवडाभर गर्दीने भरून वाहतो आणि आपला रस्ता तिथूनच जातो.

वारांचं गणित

दोन वार पाठ करून ठेवा. शुक्रवारी ताजमहाल बंद. सोमवारी दिल्लीतला लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम बंद. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर रोज उघडी असतात. ताडोबाची सवय असलेले लोक विचारतात की मंगळवारचं काय, तर ती मंगळवारची सुट्टी ताडोबाची, रणथंबोरला तो नियम नाही. दिल्ली-आग्रा गतिमान एक्सप्रेस पण शुक्रवारी नसते.

हे धरून एक प्लॅन मांडतो, यात तुम्ही आपापले बदल करा. शनिवारी दुपारपर्यंत दिल्ली, संध्याकाळी फक्त हुमायूनची कबर आणि कर्तव्यपथावर एक फेरी, बस. रविवारी लाल किल्ला सकाळी उघडल्या उघडल्या, मग चांदणी चौकात पोटपूजा, दुपारनंतर कुतुबमिनार. सोमवारी दिल्लीत अर्ध्या गोष्टी बंद म्हणून त्याच दिवशी सकाळी आग्र्याला निघायचं, दुपारी एतमादउद्दौलाची कबर आणि संध्याकाळी यमुनेपलीकडच्या मेहताब बागेतून ताज. मंगळवारी पहाटे ताज, नाश्ता, आग्र्याचा किल्ला, दुपारी फतेहपूर सिक्री करून मुक्कामाला भरतपूर. बुधवारी पहाटे ते दहा-साडेदहा पक्षी, जेवून सवाई माधोपूर, म्हणजे रणथंबोरला लागून असलेलं गाव. गुरुवारी सकाळ-दुपार दोन्ही सफारी, शुक्रवारी सकाळी तिसरी, दुपारी आराम. शनिवारी सकाळी रणथंबोरचा किल्ला आणि मग जयपूर. रविवार अख्खा जयपूर, सोमवारी उरलेलं बघून संध्याकाळच्या विमानाने जयपूरवरूनच घरी. परत दिल्लीला यायचं नाही, हे महत्त्वाचं, कारण बरेच जण स्वस्त पडतं म्हणून येणं-जाणं दिल्लीचं काढतात आणि शेवटचा आख्खा दिवस जयपूर-दिल्ली हायवेवर घालवतात.

यात अजून उदयपूर, जोधपूर, हरिद्वार घुसवायचा मोह होणार. नका करू. नकाशावर सगळं जवळ दिसतं, पण किलोमीटर मोजू नका, तास मोजा. दिल्ली ते आग्रा साधारण २३० किलोमीटर, त्यात यमुना एक्सप्रेसवे आहे म्हणून साडेतीन-चार तासांत होतं, पण दिल्लीच्या बाहेर पडायलाच एखादा तास जातो. रणथंबोर ते जयपूर १६० च्या आसपास तरी तीन-साडेतीन तास धरा.

मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी अजून एक. सवाई माधोपूर आणि भरतपूर दोन्ही स्टेशनं मुंबई-दिल्ली मेन लाईनवर आहेत, म्हणजे मुंबईहून रात्री बसून थेट जंगलाच्या दारात उतरता येतं. ज्यांना फक्त वाघ आणि जयपूर करायचंय त्यांनी दिल्लीला जायची गरजच नाही. पुण्याहून गोवा एक्सप्रेस आणि झेलम आग्र्यावरून जातात, तेव्हा ट्रिप आग्र्यापासून पण सुरू करता येते. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, त्याच्या बऱ्याच आधी सफारीच्या तारखा तुमच्या हातात असायला हव्यात.

गाडी ठरवताना

इथे जरा वेळ द्या कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात आणि वादही इथेच होतात. बाहेरगावच्या टॅक्सीचा हिशोब किलोमीटरवर असतो आणि दिवसाला कमीत कमी २५० किलोमीटर (कुठे कुठे ३००) धरले जातात. म्हणजे तुम्ही रणथंबोरला दोन दिवस गाडी हॉटेलखाली उभी ठेवून जिप्सीतून फिरलात तरी ५०० किलोमीटरचं बिल लागणार. वर मांडलेला प्लॅन बघा, नऊ दिवस गाडी ठेवली तर कमीत कमी २२५० किलोमीटरचे पैसे, आणि खरं अंतर, गाडी जयपूरहून दिल्लीला रिकामी परत जाईल ते धरूनसुद्धा, तेराशे-चौदाशेच्या वर जात नाही. मग करायचं काय, तर गाडी तोडून घ्यायची. दिल्लीत मेट्रो आणि ॲपवाली कॅब, नऊ दिवसांच्या गाडीची तिथे गरजच नाही. दिल्ली ते भरतपूर अशी तीन दिवसांची गाडी. भरतपूर ते सवाई माधोपूर रेल्वेने, दोन-अडीच तासांचं काम आहे आणि रस्त्यापेक्षा कितीतरी आरामाचं. सफारीला जिप्सी हॉटेलवर न्यायला येते का ते हॉटेलवाल्याला आधी विचारून घ्या. मग सवाई माधोपूर ते जयपूर वन-वे कॅब. सोबत फार म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल, सामान खूप असेल, तर मात्र एकच गाडी शेवटपर्यंत ठेवा, तिथे चार पैसे जास्त गेले तरी चालतील, रोज नवा ड्रायव्हर आणि रोज सामानाची चढउतार यात माणूस थकतो.

गाडीवाल्याशी बोलणं झालं की सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मागा: किलोमीटरचा दर, कमीत कमी किती, मोजणी त्याच्या गॅरेजपासून की तुमच्या दारापासून, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, टोल, पार्किंग, दुसऱ्या राज्याचा टॅक्स कुणाकडे. आपण या ट्रिपमध्ये दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा राज्यांतून जातो, त्यामुळे पिवळ्या नंबरप्लेटची टुरिस्ट परमिटवालीच गाडी हवी, ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या प्लेटची घेऊ नका, चेकिंगला अडकलात तर दिवस गेला. हिवाळ्यात दिल्लीत प्रदूषण वाढलं की जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी येते, तेव्हा गाडी बीएस सिक्स (धुराच्या नव्या निकषातली) आहे की सीएनजी तेही विचारा. सीएनजी असेल तर डिकीत सिलेंडर असतो आणि सहा जणांचं सामान राहत नाही, मग टपावर कॅरियर लागेल.

आणि पहिल्याच दिवशी ड्रायव्हरला हसत पण स्पष्ट सांगायचं की भाऊ, दुकानं नको. आग्र्यात संगमरवराचं, जयपुरात गालिचे आणि खड्यांचं, गाडी आपोआप एखाद्या एम्पोरियमसमोर थांबते कारण त्याला तिथे कमिशन मिळतं. त्याचंही पोट आहे, म्हणून मी दुकानं टाळतो पण शेवटी त्याला बक्षिसी मनापासून देतो, आणि त्याच्या रात्रीच्या झोपायची सोय हॉटेलात आहे का ते आवर्जून विचारतो. पहाटे पाचला तुम्हाला घेऊन धुक्यात गाडी चालवणारा माणूस गाडीतच कुडकुडत झोपलेला नको.

आग्रा

ताजचं तिकीट एएसआयच्या, म्हणजे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या, साईटवर ऑनलाईन काढा. साध्या तिकिटावर मुख्य कबरीपर्यंत वर जाता येत नाही, त्याचे वेगळे २०० रुपये, ते सोबतच घेऊन टाका. तिकीट तीन तासांचं असतं, तेवढ्यात आरामात होतं. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या लांबच थांबतात, पूर्वेच्या गेटसाठी शिल्पग्रामचं पार्किंग आणि तिथून बॅटरी गाडी. खायचं काही, ट्रायपॉड, मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, म्हणून एक पाण्याची बाटली आणि मोबाईल घेऊन जा, रांगेत अर्धा तास वाचतो. आतल्या कबरीत फोटो काढायचा नाही. पौर्णिमा आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे दोन दोन दिवस रात्रीही ताज बघता येतो, पण शुक्रवारी आणि रमजानमध्ये नाही. गेटबाहेर लपके असतात, आग्र्यात दलालांना हाच शब्द आहे, रांगेशिवाय आत नेतो म्हणतात, ऐकू नका. गाईड हवा असेल तर गळ्यात सरकारी ओळखपत्र बघूनच घ्या आणि पैसे आधी ठरवा.

एतमादउद्दौला बहुतेक जण वगळतात आणि ते फार वाईट वाटतं. नूरजहानने आपल्या वडिलांसाठी बांधलेली ही कबर ताजच्या आधीची, अख्खी संगमरवरी, रंगीत दगडांची जडावाची कामं इतक्या जवळून आणि इतक्या शांतपणे ताजमध्ये बघायलाच मिळत नाहीत. हे आधी बघून मग ताज बघितला की ताजच्या कारागिरीकडे बघायची नजर तयार झालेली असते.

आणि आग्र्याचा किल्ला. मराठी माणसाने इथे घाई करू नये. १२ मे १६६६ ला शिवाजी महाराज याच किल्ल्यात औरंगजेबाच्या दरबारात उभे होते, सोबत नऊ वर्षांचे शंभूराजे. दरबारातला अपमान, महाराजांचं भर दरबारात संतापणं, हे आपण शाळेपासून ऐकलंय, पण त्या महालांच्या खांबांमध्ये उभं राहिलं की अंगावर काटा येतो, मी तर पोरांना तिथेच बसवून गोष्ट सांगा म्हणतो. किल्ल्यात कुणी एखादी कोठडी दाखवून महाराजांना इथे ठेवलं होतं म्हणालं तर विश्वास ठेवू नका, महाराज किल्ल्याबाहेर मिर्झाराजांचा मुलगा रामसिंह याच्या तळाजवळ नजरकैदेत होते आणि ऑगस्टमध्ये तिथूनच निसटले. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याला नमस्कार करून मगच गाडीत बसा.

फतेहपूर सिक्रीत तिथल्या गाईडांचा ससेमिरा असतो पण जागा अफाट आहे. अकबराने १५७१ च्या सुमारास वसवलेली आणि पंधराएक वर्षांतच सोडून दिलेली राजधानी. बुलंद दरवाजाच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी महालांच्या बाजूच्या गेटने जावं.

भरतपूरसाठी एक सकाळ हवीच

वाघाच्या नादात भरतपूर कापू नका. केवलादेव पार्क जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं, भरतपूरच्या महाराजांच्या शिकारीसाठी पाणी अडवून तयार केलेलं हे तळं आणि तिथे साडेतीनशेहून जास्त प्रकारचे पक्षी नोंदलेले आहेत. आत दगडावर शिकारींच्या नोंदी कोरलेल्या आहेत, १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारले, तो आकडा पोरांना वाचायला लावा आणि मग आजूबाजूच्या झाडांवरचे पक्षी दाखवा. सायबेरियन क्रौंच इथे २००२ नंतर आलेला नाही.

इथे गाडी आत जात नाही. सायकल रिक्षा घ्यायची, आणि इथले रिक्षावाले हे स्वतःच पक्ष्यांचे जाणकार असतात, कित्येक जण वर्षानुवर्षं हेच करतायत, त्यांना पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ आणि कुठल्या झाडाच्या ढोलीत घुबड बसलंय ते माहीत. वेगळा गाईड नाही घेतला तरी चालतं. दुर्बीण मात्र हवी, एक तरी. हिवाळ्यात पट्टकादंब आणि बदकांचे थवे, सारसाची जोडी, ऊन खात पडलेले अजगर. पण तुम्हाला ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच जमत असेल तरी जा, तेव्हा चित्रबलाकांची वीण चालू असते आणि बाभळीच्या एकेका झाडावर इतकी घरटी की पिल्लांच्या आवाजाने कान भरतात. मला तर तो काळ हिवाळ्यापेक्षा जास्त आवडतो.

जाता जाता, पानिपतानंतर होरपळून परतणाऱ्या मराठी माणसांना भरतपूरच्या सूरजमल जाटाने अन्न आणि आसरा दिला होता. त्या गावात एक रात्र राहायला हेही कारण पुरेसं आहे.

सफारीच्या दिवशी

सफारी साधारण साडेतीन तासांची, वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जिप्सीत इतकी थंडी वाजते की मुंबईकरांना कल्पना नसते, कानटोपी, हातमोजे, दोन जाड थर आणि हॉटेलातून एक ब्लँकेट मागून घ्या. मग ऊन आलं की एक एक काढत जायचं. कपडे मातकट, खाकी, फिक्या हिरव्या रंगाचे, परफ्युम अजिबात नको. आत टॉयलेटची सोय नसल्यासारखीच समजा, म्हणून निघायच्या आधी चहा अर्धाच कप. रस्ते खड्ड्यांचे आहेत, पाठीचं दुखणं असेल तर मागच्या सीटवर बसू नका, आणि गरोदर बाईने तर सफारी घेऊच नये. मोबाईलबद्दलचे नियम आता कडक होत चाललेत, फोटोंचा शौक असेल तर साधा कॅमेरा न्या.

आत गेल्यावर गाईडला वाघ दाखवाच असं म्हणत राहू नका. त्याला सांगा आम्हाला जंगल दाखवा, घाई नाही. मग तो गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो, आणि तेव्हाच खरं कळायला लागतं. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरतं, चितळ कॉल म्हणजे धोक्याची हाक देतं, सांबर एकदाच मोठ्याने ओरडतं, आणि सांबराचा कॉल आला की वाघ किंवा बिबट्या जवळ आहे असं बहुतेक वेळा खरं निघतं. धुळीतले पगमार्क ताजे की जुने ते गाईड दाखवेल. पोरांना हे आधी घरी सांगून ठेवा, तीन तास गप्प बसायला त्यांना काहीतरी ऐकायचं काम लागतं. वाघ दिसला तर उभं राहून ओरडायचं नाही, खाली उतरायचं तर नाहीच. आणि दुसऱ्या गाड्यांच्या गर्दीत घुसून वाघाची वाट अडवायला ड्रायव्हरला भरीस घालू नका, जास्त टिप देतो म्हणून तर मुळीच नाही. वाघ दिसेलच अशी खात्री देणाऱ्या एजंटाला मी तिथेच नमस्कार करतो.

किल्ला मात्र सोडू नका, रणथंबोरचा. हमीरदेव चौहानाचा हा किल्ला १३०१ मध्ये अलाउद्दीन खिलजीने घेतला, आज तो राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या यादीत आहे, आणि वर त्रिनेत्र गणेशाचं मंदिर. आपल्या बाप्पाला बुधवारी तिथे फार गर्दी असते, म्हणून दुसरा वार बघा. हा सगळा भाग वाघाच्या जंगलातच आहे, २०२५ मध्ये याच वाटेवर वाघाच्या हल्ल्यात एका लहान मुलाचा जीव गेलाय, त्यामुळे मुलांचा हात सोडायचा नाही, अंधारात थांबायचं नाही आणि वाट चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारायचं.

जयपूर आणि उरलेले पर्याय

जयपूरबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे म्हणून थोडक्यात. आमेर सकाळी लवकर, चढायला जीप किंवा पाय, हत्तीवर बसू नका, उन्हातल्या चढावर त्याचे हाल बघवत नाहीत. जंतरमंतरला मात्र गाईड घ्याच, नाहीतर ती नुसती दगडी घसरगुंडी वाटते, सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या सूर्यघड्याळाची, सावली डोळ्यांदेखत सरकताना दाखवणारा माणूस सोबत हवा, तोही ऊन असताना. आमेर, हवामहल, जंतरमंतर, नाहरगड वगैरेंचं एकत्र तिकीट मिळतं, सिटी पॅलेसचं वेगळं. आणि रणथंबोरला काहीच दिसलं नसेल तर मन खट्टू करू नका, जयपूर शहरालाच लागून झालाना आहे, तिथे बिबट्यांची सफारी होते, तीही आधी बुक करायची.

ज्यांना जंगलात राहायचंच आहे त्यांनी राजस्थान सोडून उत्तराखंडातलं कॉर्बेट करावं. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प तिथूनच सुरू झाला. दिल्लीहून रामनगर सहा तास, आणि आत ढिकालाच्या वनविश्रामगृहात मुक्काम मिळाला तर त्याच्यासारखं सुख नाही, समोर रामगंगा, साल वृक्षांचं जंगल, गवतात हत्तींचे कळप, रात्री फक्त जंगलाचा आवाज. ढिकाला १५ नोव्हेंबर ते १५ जून चालू असतं, बुकिंग उत्तराखंड वनविभागाचं. पण कॉर्बेट दिल्लीच्या एका बाजूला आणि रणथंबोर दुसऱ्या बाजूला, एका ट्रिपमध्ये दोन्ही कोंबू नका. त्यापेक्षा एक दिवस जास्त असेल तर चंबळला द्या, रणथंबोरहून पालीघाटला जाऊन बोटीतून सुसरी, मगरी, वाळूवरचे पक्षी बघता येतात, वाघाच्या धावपळीनंतर दोन तास नदीवर फार बरं वाटतं. आणि दिल्लीत एक दिवस मोकळा निघाला तर पानिपतला जा, नव्वदएक किलोमीटर आहे, काला आंबच्या स्मारकावर बघण्यासारखं फार नाही, पण १४ जानेवारी १७६१ ज्याला माहीत आहे तो तिथून लगेच निघत नाही.

निघायच्या दोन दिवस आधी एवढं करा: सफारीची, ताजची, रेल्वेची तिकिटं पीडीएफ करून घरच्या ग्रुपवर टाका आणि एकेक प्रिंट काढा, कारण जंगलाजवळ नेटवर्क जातं. ओरिजिनल ओळखपत्रं एका पाकिटात, आणि ते पाकीट एकाच जबाबदार माणसाकडे. रिक्षावाले, गाईड, जिप्सीवाले यांच्यासाठी शंभर-दोनशेच्या सुट्ट्या नोटा वेगळ्या ठेवा, यूपीआय सगळीकडे चालतं पण नेटवर्क नसेल तिथे नाही. गाडीवाल्याला फोन करून ड्रायव्हरचं नाव, नंबर आणि गाडीचा नंबर मागून घ्या. आणि सवाई माधोपूरच्या हॉटेलला सांगून ठेवा की पहाटे साडेपाचला चहा लागेल.